जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि वाढीव रॅम : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझा लॅपटॉप सात वर्षांचा आहे. २.५ गिगाहर्ट्झचा दोन कोअरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) आणि मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी ५०० जीबीची हार्ड डिस्क ही त्याची मूळ रचना. जुन्या मासिकांच्या अंकांची पाने स्कॅन करायची, ती साफ करायची आणि ओसीआरने (चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने) त्यांतला मजकूर काढून तपासायचा, हे काम मी त्यावर रोज सहा-सात तास करते. लॅपटॉप इतका मंदावला होता की बटण दाबल्यापासून पहिली फाइल उघडेपर्यंत चार मिनिटे जात. प्रोसेसर जुना झाला, आता नवा लॅपटॉप घ्या, असे सगळ्यांचे म्हणणे पडले आणि मलाही ते पटले होते. मात्र एकदा विंडोजमधला टास्क मॅनेजर (कोणता भाग किती वापरात आहे हे दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून पाहिला, तेव्हा प्रोसेसरचा वापर ८ ते १० टक्के आणि डिस्कचा सतत १०० टक्के दिसला. ज्याला मी दोष देत होते तो प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामा बसून डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहत होता. म्हणून आधी डिस्क बदलायची आणि मग काय ते ठरवायचे, असे मी ठरवले.

नवी ५०० जीबीची साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली, चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क, यूएसबी केसिंगमध्ये घालून मी जुनी डिस्क तिच्यावर जशीच्या तशी क्लोन केली. त्यासाठी पावणेदोन तास लागले आणि तेवढ्या वेळात या डिस्कबद्दल मला सात वर्षांत कळले नव्हते ते कळले. सुरुवातीला वेग सेकंदाला १०५ एमबी होता. तो हळूहळू उतरत शेवटी ५२ एमबीवर आला. डिस्क बिघडली की काय, अशी शंका मला आली होती, पण कारण साधे आहे. हार्ड डिस्कमध्ये माहिती फिरत्या तबकडीवरच्या वर्तुळाकार मागांत लिहिलेली असते. तबकडीच्या बाहेरच्या कडेचा माग आतल्या मागापेक्षा लांब असल्यामुळे त्यात जास्त माहिती मावते. तबकडी मात्र एकाच गतीने फिरते, त्यामुळे एका फेऱ्यात कडेवरून जास्त माहिती वाचली जाते आणि मध्याकडे सरकावे तसा वेग कमी होतो. डिस्कची नोंद कडेपासून सुरू होते, म्हणून क्लोनिंगचा वेग असा ओळीने घसरत गेला.

जी डिस्क सेकंदाला १०५ एमबी देऊ शकते, तिच्यामुळे लॅपटॉप सुरू व्हायला चार मिनिटे का लागावीत, हा प्रश्न मला बराच काळ पडला होता. त्याचे उत्तर सलग वाचन आणि विखुरलेले वाचन यांच्या फरकात आहे. लॅपटॉप सुरू होताना एक मोठी फाइल वाचली जात नाही, तर डिस्कभर पसरलेल्या हजारो लहान फाइली वाचल्या जातात. दर वेळी डिस्कचा वाचणारा हात योग्य मागावर न्यावा लागतो, त्याला सरासरी १२ मिलिसेकंद लागतात. त्यानंतर हवा असलेला भाग फिरत त्या हाताखाली येईपर्यंत थांबावे लागते. मिनिटाला ५,४०० म्हणजे सेकंदाला ९० फेरे, एक फेरा ११ मिलिसेकंदांचा, आणि सरासरी अर्धा फेरा थांबणे म्हणजे आणखी साडेपाच मिलिसेकंद. दोन्ही मिळून एका वाचनाला साधारण १७ मिलिसेकंद झाले, म्हणजे सेकंदाला जेमतेम ६० वाचने. प्रत्येक वाचनात ४ केबी मिळाले, तर सेकंदाला पाव एमबीसुद्धा हाती लागत नाही. सलग वाचताना १०५ एमबी देणारी हीच डिस्क तुकडे वेचताना पाव एमबीवर येते, आणि लॅपटॉपचे रोजचे काम बहुतांशी तुकडे वेचण्याचेच असते.

ही अडचण डिस्कच्या जन्मापासूनची आहे. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक या संगणकासोबत पहिली हार्ड डिस्क आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून त्यांवर आजच्या हिशेबाने पावणेचार एमबी माहिती मावत असे. तिचा हात योग्य जागी पोहोचायला सरासरी ६०० मिलिसेकंद घेई. माझ्या जुन्या डिस्कशी तुलना केली तर साठवण सव्वा लाख पटींहून अधिक वाढली, पण हाताची चपळाई फक्त ५० पट वाढली. धातूचा हात हलवून थांबवायचा असतो, आणि त्याला वजन आहे.

प्रोसेसरच्या बाजूने पाहिले की हे वाट पाहणे किती लांबते हे लक्षात येते. २.५ गिगाहर्ट्झ म्हणजे घड्याळाचे सेकंदाला २५० कोटी ठोके. हवी ती माहिती प्रोसेसरच्या अगदी जवळच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या वेगवान स्मृतीत, असली, तर चार-पाच ठोक्यांत मिळते. ती रॅममधून आणायची तर साधारण २५० ठोके जातात, आणि म्हणूनच प्रोसेसर रॅममधून एकेक बाइट न मागवता ६४ बाइटांचा गठ्ठा एकदम उचलून कॅशमध्ये ठेवतो, कारण शेजारची माहिती लगेच लागण्याची शक्यता असते. एसएसडीकडे एक लहान तुकडा मागितला, तर सुमारे १०० मायक्रोसेकंद म्हणजे अडीच लाख ठोके खर्च होतात. हार्ड डिस्कच्या १७ मिलिसेकंदांत मात्र सव्वाचार कोटी ठोके होतात. माझा प्रोसेसर सात वर्षे दर वाचनामागे एवढा वेळ ताटकळत होता, हे आकडे मांडून पाहिल्यावर मला खरोखर वाईट वाटले.

एसएसडी बसवल्यावर लॅपटॉप २३ सेकंदांत कामाला तयार होऊ लागला, आणि आठ महिन्यांनंतर आजही तो २४-२५ सेकंदच घेतो. फोल्डरमधल्या ६०० पानांची लहान चित्रे पूर्वी एकेक करून उगवत असत. आता ती जवळजवळ एकदम दिसतात. डिस्कची टकटक थांबली, तळहाताखालचा भाग तापेनासा झाला. येथे एक सूचना करावीशी वाटते. डिस्क सेक्टरशः क्लोन केली की रिकामी जागाही लिहिली जाते, आणि संपूर्ण एसएसडी भरलेली आहे, असा तिच्या कंट्रोलरचा (तिचा कारभार पाहणाऱ्या चिपचा) समज होतो. म्हणून क्लोनिंगनंतर विंडोजमधला ड्राइव्ह ऑप्टिमाइझ करण्याचा पर्याय एकदा हाताने चालवावा. त्याने ट्रिमचा आदेश जातो आणि कोणती जागा खरोखर रिकामी आहे हे कंट्रोलरला कळते. तसेच ५०० जीबीऐवजी ४६५ दिसते म्हणून कोणी घाबरू नये. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट मोजते आणि विंडोज दोनच्या तिसाव्या घाताने मोजते, एवढाच तो फरक आहे.

पहिले दोन महिने मी मूळच्या ४ जीबी रॅमवरच काम केले. एरवी वेग उत्तम असला, तरी दहा-बारा पाने एकाच वेळी उघडली की लॅपटॉप मधूनच थबकत असे. माझ्या पानाची जेपीईजी फाइल डिस्कवर ८ एमबीच्या आसपास असते, त्यामुळे दहा पाने म्हणजे ८० एमबी, असा माझा भाबडा हिशेब होता. पण जेपीईजी ही दाबून ठेवलेली घडी आहे. प्रोसेसरला काम करायचे तर ती पूर्ण उलगडावी लागते. ए-४ आकाराचे पान ६०० डीपीआयने (इंचाला ६०० बिंदू) स्कॅन केले की ४,९६० गुणिले ७,०१६ बिंदू होतात, आणि प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट धरले तर एकाच पानाला रॅममध्ये १०४ एमबी जागा लागते. केलेला बदल मागे घेता यावा म्हणून प्रोग्रॅम आधीची प्रतही सांभाळतो, ती वेगळीच. रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यातला काही भाग उचलून डिस्कवर ठेवते आणि गरज पडेल तसा परत आणते. हार्ड डिस्क असताना या ने-आणीत लॅपटॉप दीड-दोन मिनिटे गोठून राहायचा. एसएसडीने तो वेळ एक-दोन सेकंदांवर आणला, पण रोग तसाच राहिला.

म्हणून तिसऱ्या महिन्यात मी रिकाम्या खाचेत ८ जीबीची पट्टी घातली. पहिल्या खेपेस स्क्रीन काळाच राहिला. पट्टी तिरकी आत सारून मग खाली दाबायची असते आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् आवाज करून बसल्या पाहिजेत. माझी एक खिट्टी अर्धवट राहिली होती. ती नीट बसवल्यावर १२ जीबी दिसली आणि थबकणे संपले.

रॅमचा एक स्वभाव मला याच काळात नुकसान सोसून कळला. लॅपटॉपची बॅटरी निकामी झालेली असल्यामुळे तो तेव्हा थेट विजेवर चालायचा. एका संध्याकाळी चार्जरची पिन पायाला लागून निघाली आणि तपासलेल्या चौदा पानांच्या दुरुस्त्या गेल्या, कारण त्या सेव्ह केलेल्या नव्हत्या. रॅममधला प्रत्येक बिट (माहितीचा सर्वांत लहान घटक, शून्य किंवा एक) एका सूक्ष्म कपॅसिटरमध्ये विद्युतभार म्हणून असतो आणि एक ट्रान्झिस्टर त्याचे दार सांभाळतो. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचे पेटंट १९६८ साली मिळाले. हा भार सतत गळत असल्याने प्रत्येक बिट साधारण ६४ मिलिसेकंदांत एकदा वाचून पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की हे भरणे थांबते. ज्याला आपण ‘सेव्ह’ म्हणतो, ते म्हणजे या गळक्या जागेतून माहिती टिकाऊ जागी हलवणे. त्यानंतर मी ऑटोसेव्ह दोन मिनिटांवर आणले आणि बॅटरीही बदलली.

एसएसडीतली स्मृती, म्हणजे नँड फ्लॅश, वीज गेल्यावरही भार धरून ठेवते, कारण तिथे तो चारही बाजूंनी इन्सुलेटरने (वीज न वाहू देणाऱ्या पदार्थाने) वेढलेल्या जागी अडकवलेला असतो. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८७ साली मांडली. तिच्या साठवण्याच्या पद्धतीचा परिणाम वापरताना दिसतो. माझी एसएसडी टीएलसी प्रकारची आहे, म्हणजे एका सेलमध्ये (भार साठवण्याच्या सूक्ष्म घरात) तीन बिट असतात आणि त्यासाठी भाराच्या आठ पातळ्या अचूक ओळखाव्या लागतात. इतके नेमके लिहायला वेळ लागतो, म्हणून कंट्रोलर काही सेलमध्ये तात्पुरता एकेकच बिट भरभर लिहितो आणि नंतर सवडीने तो तीन-तीन बिटांत रचून ठेवतो. एकदा मी बाहेरच्या एसएसडीवरून ७० जीबी स्कॅन आत घेतले. पहिले २२ जीबी सेकंदाला ४०० एमबीच्या वेगाने आले आणि मग वेग एकाएकी ९० एमबीवर आदळला. दहा मिनिटे लॅपटॉप नुसता चालू ठेवल्यावर तो पूर्ववत झाला. ज्यांना रोज असे मोठे साठे हलवायचे असतात, त्यांनी पाकिटावरच्या वेगावर विसंबू नये.

सर्वांत गंभीर इशारा पुसलेल्या फाइलींबद्दल आहे. चौथ्या महिन्यात माझ्याकडून एका वर्षाच्या अंकांचा पूर्ण फोल्डर चुकून कायमचा पुसला गेला. हार्ड डिस्कच्या काळात असे झाले होते, तेव्हा रिकव्हरीच्या प्रोग्रॅमने जवळपास सगळे परत मिळवून दिले होते, कारण डिस्कवर फक्त नोंद पुसली जाते आणि मजकूर वरून काही लिहिले जाईपर्यंत तसाच पडून राहतो. या वेळी त्याच प्रोग्रॅमने सर्व फाइलींची नावे दाखवली, पण उघडल्यावर प्रत्येकीत शून्यांखेरीज काही नव्हते. फ्लॅशमध्ये लिहिलेल्या ‘पानावर’ (साठवणीच्या लहान तुकड्याला तिथे पान म्हणतात) थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी बऱ्याच पानांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. म्हणून फाइल पुसताच ट्रिममार्फत कंट्रोलरला तसे कळते आणि तो ती जागा पुढच्या लेखनासाठी मोकळी करू लागतो. जी सोय एसएसडीला वेगवान ठेवते, तीच पुसलेली माहिती परत मिळण्याचा मार्ग बंद करते. माझे काम वाचले ते केवळ आठवडाभरापूर्वीची प्रत दुसरीकडे होती म्हणून.

ज्यात काहीच फरक पडला नाही, तेही सांगायला हवे. २०० पानांच्या ओसीआरला पूर्वी २६ मिनिटे लागत. आता २४ लागतात. या कामात प्रोसेसर पूर्ण वेळ १०० टक्क्यांवर असतो आणि डिस्क जवळजवळ स्वस्थ. व्हिडिओचे रूपांतर करणाऱ्यांनाही हाच अनुभव येईल. तेव्हा आधी टास्क मॅनेजर पाहावा, आपले यंत्र कशाची वाट पाहते ते तपासावे आणि त्याप्रमाणे खर्च करावा. साटाची मर्यादा सेकंदाला ६०० एमबी आहे, मला प्रत्यक्षात ५३० मिळतात. साटाहून वेगवान जोडणी वापरणाऱ्या एनव्हीएमई एसएसडी याच्या कितीतरी पट वेग देतात, पण माझ्या लॅपटॉपमध्ये त्यांची खाच नाही, आणि लहान तुकड्यांच्या वाचनात दोहोंतला फरक इतका मोठा नसल्यामुळे त्याची मला खंतही नाही.

एसएसडी लवकर झिजते, या भीतीपोटी मी दर महिन्याला स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या नोंदींचे, आकडे टिपून ठेवले. पहिल्या दोन महिन्यांत ३.४ टीबी (एक टीबी म्हणजे हजार जीबी) लेखन झाले, त्यात क्लोनिंगचा अर्धा टीबी होता आणि बाकीच्यात रॅम अपुरी पडल्यामुळे होणाऱ्या ने-आणीचा वाटा मोठा होता. रॅम वाढवल्यावर पुढच्या सहा महिन्यांत २.३ टीबीच लेखन झाले. कंपनीची हमी ३०० टीबी लेखनाची असल्याने आठ महिन्यांत दोन टक्केही संपलेले नाहीत. जुनी हार्ड डिस्क मी त्याच यूएसबी केसिंगमध्ये घातली आहे. दर रविवारी तिच्यावर आठवड्याच्या कामाची एक मोठी सलग फाइल उतरते, आणि कडेच्या मागांवर लिहिताना ती आजही सेकंदाला शंभर एमबीचा वेग सहज गाठते.