पीएम किसानच्या कामासाठी सेवा केंद्र: माणूस चांगला, सर्व्हर देव जाणे

आमच्या बाजारातल्या सेवा केंद्रात पप्पांचा अडकलेला हप्ता बघायला गेलेलो. वर्षाला ६००० रुपये, २००० चे तीन हप्ते, राज्याच्या नमो शेतकरीचे ६००० वेगळे, पण ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) नसेल तर दोन्हीकडे ठणठण गोपाळ! पप्पांचा अंगठा काय लागेना, आयुष्यभर काजू सोलून रेषाच गेल्यात, मशीन आपलं लाल दिवा दाखवतंय. शेवटी केंद्रातल्या पोराने स्वतःच्या मोबाईलवर अ‍ॅप टाकून चेहऱ्यावरून केवायसी केलं, पप्पांना चार वेळा डोळे मिचकवायला लावले, अख्खी लाईन हसत होती 😄 पन्नास रुपये घेतले, पावती नाही, मागितली तर "प्रिंटर बंद". शिवाय बँकेत आधार लिंक असलं तरी डीबीटी (सरकारी पैसे थेट खात्यात येणं) चालू आहे का ते वेगळं बघावं लागतं, हे त्यानेच सांगितलं, बँकेत कोणी बोललं नव्हतं.

काकांचं काम मात्र झालं नाही. सामायिक सातबारा, अकरा नावं, निम्मी मुंबईला, आणि काकांचं नाव चढलं २०१९ च्या फेब्रुवारीनंतर, तेही खरेदीने, वारसाने नाही, म्हणजे योजनेत बसतच नाहीत. त्यात त्या पोराचा काय दोष.

चार स्टार. सकाळी नऊला जा, नंतर लाईट जाते.