मारुती ८०० (२०११ मॉडेल): अकरा महिने वापरल्यावर, आणि मुख्यतः काचेच्या हँडलबद्दल

कुणी विचारलेलं नाही तरी लिहितोय. ८०० चे स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर, ते परत लिहीत बसत नाही. आणि नवी गाडी घ्यायची म्हणून कुणी वाचत असेल तर वेळ घालवू नका, ही जानेवारी २०१४ लाच बनायची बंद झाली.

झालं असं की २०२४ च्या जुलैत महूहून इंदूरला परत येताना टोलवर फास्टॅग वाचला जाईना म्हणून मी आमच्या मोठ्या गाडीची ड्रायव्हरकडची काच खाली केली आणि ती खालीच राहिली. बटण दाबलं की दाराच्या आत कुठेतरी घर्र घर्र व्हायचं, काच मात्र ढिम्म. बाहेर धो धो पाऊस. बायकोने डिकीतलं मेणकापड काढून दारात अडकवलं आणि मी उजवा खांदा भिजवत घरी आलो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले मोटर सुटी मिळत नाही, रेग्युलेटरसकट (म्हणजे काच वर-खाली करणारी यंत्रणा) अख्खी असेंब्ली बदलावी लागेल, ९,४०० रुपये, लेबर वेगळं, आणि पार्ट यायला पंधरा दिवस. पंधराचे बावन्न झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही, मला बीपीची गोळी आधीच चालू आहे.

तर त्या बावन्न दिवसांत ही ८०० घरात आली. बायकोचे काका इथेच इंदूरच्या राजेंद्र नगरात राहतात, बँकेतून रिटायर, त्यांची गाडी सहा महिने कव्हर घालून उभी होती. ३८ हजार किलोमीटर फक्त. सोबत २०११ पासूनच्या प्रत्येक बिलाची फाइल, पंक्चरच्या पावत्यासुद्धा. ते ४५ हजार म्हणाले, मी ४० म्हणालो, ४२ वर ठरलं. किल्ली देताना त्यांनी एकच सूचना दिली, "जावईबापू, काच हळू फिरवायची, झटका द्यायचा नाही."

आता मुद्द्यावर येतो. काचेचं हँडल.

लोक हसतात पण मी अकरा महिने याच एका गोष्टीवर विचार करतोय. दारात एक दांडा, त्याला गोल मूठ. फिरवलं की आत एक छोटं दातेरी चक्र फिरतं, ते पुढची यंत्रणा हलवतं, काच वर किंवा खाली. मोटर नाही, वायर नाही, फ्यूज नाही, स्विच नाही. गाडी बंद असली तरी चालतं, बॅटरी उतरली तरी चालतं. थांबवायची तिथे थांबते, बोटभर फट ठेवायची तर बोटभरच राहते. आमच्या मोठ्या गाडीत बोटभर फट ठेवायला मला चार वेळा बटण खाली-वर करावं लागतं आणि मग एकतर पूर्ण बंद नाहीतर अर्धी उघडी.

आमच्या धाकटीने मार्चमध्ये मागच्या दाराच्या हँडलवर लोंबकळून त्याची मूठ तोडली (दोष तिचा, आणि तिला मागे एकटं बसवलं म्हणून माझा). दुकानात नवीन हँडल ६० रुपये. बसवायचं कसं ते आमच्या मेकॅनिकने, म्हणजे उस्तादने दाखवलं आणि ते बघण्यासारखं आहे. हँडलच्या मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची एक तारेची क्लिप असते, तिच्यावर ते धरून राहतं. तिला स्क्रू ड्रायव्हरने उचकटायला गेलात तर दाराचं कव्हर फाटतं. त्याऐवजी जुन्या धोतराची लांब पट्टी घ्यायची, हँडल आणि कव्हरच्या मधल्या फटीत घालायची, दोन्ही टोकं धरून बूट पुसतात तशी डावी-उजवीकडे ओढायची. क्लिप टक्कन उडते. आमची उडून सीटखाली गेली, ती शोधायला वीस मिनिटं, हँडल बदलायला दोन. नवीन बसवताना क्लिप आधीच हँडलमध्ये घालून ठेवायची, दाराच्या आतून बाहेर आलेल्या दांड्यावर ठेवायचं आणि तळहाताने एक थाप द्यायची. झालं. उस्तादने पैसे घेतले नाहीत, चहा मात्र माझ्याकडून प्यायला.

९,४०० आणि ६०. मी हे डायरीत शेजारीशेजारी लिहून ठेवलंय.

मधे काकांकडून कंपनीचा इतिहास फुकटात ऐकायला मिळाला, कारण गाडी घेतली म्हणजे दर रविवारी पोहे खायला जाणं आलं. माझ्या डोक्यात मारुती म्हणजे जपानी गाडी एवढंच होतं. काका म्हणाले आधी संजय गांधींची मारुती लिमिटेड, १९७१ ची, ती गुंडाळली गेली तोवर लोकांच्या हातात एक गाडी पडली नव्हती. मग सरकारने ती ताब्यात घेतली, फेब्रुवारी १९८१ ला मारुती उद्योग नावाची सरकारी कंपनी निघाली, भेल या वीजयंत्रं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत नाव काढलेले व्ही. कृष्णमूर्ती आणि आयएएस सोडून आलेले आर. सी. भार्गव यांनी ती उभी केली, आणि १९८२ च्या ऑक्टोबरात सुझुकीबरोबर करार झाला. सुझुकीचा हिस्सा तेव्हा २६ टक्के, म्हणजे मालक सरकारच. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात पहिली किल्ली दिली, किंमत ४७,५००. काका तेव्हा बँकेत नवीन लागलेले, म्हणतात आकडा ऐकून आम्ही फक्त हसलो.

मला यातलं आवडलं ते कारखान्याचं. गुडगावला साहेब आणि कामगार एकाच रंगाचा युनिफॉर्म घालणार, एकाच कँटीनमध्ये एकाच रांगेत ताट घेणार, हे १९८३ मध्ये सरकारी कंपनीत. काकांच्या बँकेत तेव्हा मॅनेजरचा कपसुद्धा वेगळा होता. अर्थात हे सगळं तसंच गोड राहिलं नाही, २०११ चे संप आणि १८ जुलै २०१२ ला मानेसरला झालेली जाळपोळ, त्यात एका एचआर मॅनेजरचा जीव गेला, हेही त्याच कंपनीचं. काका तो भाग पटकन उरकतात.

दुसरी गंमत. माझी गाडी २०११ ची आहे हे पुण्याच्या माझ्या साडूला पटत नव्हतं, तो म्हणाला पुण्यात तर ही २०१० लाच बंद झाली. बरोबर आहे. एप्रिल २०१० ला बीएस फोर, म्हणजे गाडीच्या धुरावरचं जास्त कडक बंधन, आलं ते आधी १३ शहरांत, त्या यादीत पुणे होतं, मुंबई होती, सोलापूरसुद्धा होतं, इंदूर नव्हतं. ८०० आधीच्या बीएस थ्रीवरच राहिली म्हणून सोलापूरकराला शोरूममध्ये मिळेना आणि काकांना इथे आरामात मिळाली. इंदूरवाल्यांना मागे राहण्याचा एवढा फायदा क्वचितच झाला असेल.

जानेवारीतला किस्सा

जानेवारीत धुळ्याला चुलतभावाच्या मुलाची मुंज होती. बायकोने या गाडीला हायवेबंदी केलेली, गावात फिरवा, बायपास ओलांडायचा नाही. ती आणि मुली दोन दिवस आधी बसने गेल्या, मोठी गाडी परत सर्व्हिसला (यावेळी दुसरंच काहीतरी, सोडा), आणि मी पहाटे पाचला गुपचूप ८०० काढली.

उस्तादने दिवाळीतच सांगितलं होतं, "भिया, क्लच केबल के तार खुल रहे हैं, बदल लो." ३०० रुपयांसाठी मी म्हणालो बघू पुढच्या महिन्यात. मानपूरचा घाट झकास उतरली, खलघाटला नर्मदा ओलांडली, चहा घेतला, ठीकरी गेलं, आणि जुलवान्याच्या तीन किलोमीटर अलीकडे पेडल फटकन खाली जाऊन बसलं. केबल तुटली. चूक शंभर टक्के माझी, आणि चिक्कूपणाची.

तेव्हा काकांची युक्ती आठवली. इंजिन बंद करायचं, पहिला गिअर टाकायचा आणि तसाच स्टार्टर मारायचा. गाडी दोन बेडूकउड्या मारते आणि चालू होते. मग पहिल्याच गिअरमध्ये, कडेकडेने, थांबायचं नाही, कारण थांबलात की परत बेडूक. असा जुलवान्यात पोचलो. पहिल्याच पार्टच्या दुकानात, जिथे ट्रॅक्टरचे बेल्ट आणि बैलांच्या घुंगरमाळा एकाच खिळ्याला टांगल्या होत्या, मी "आठसौ की क्लच केबल" म्हणालो. दुकानदाराने मान वर न करता मागच्या फळीवरून काढून दिली. २८० रुपये. शेजारच्या मुलाने अर्ध्या तासात बसवली, १५० घेतले. साडेनवाला मुंजीच्या मांडवात.

गाडी बनायची बंद होऊन अकरा वर्षं झाली होती हो. बनत असलेल्या गाडीच्या काचेसाठी मी बावन्न दिवस थांबलो होतो.

गुपित मात्र राहिलं नाही. फास्टॅग बायकोच्या मोबाइलला जोडलाय. खलघाटच्या टोलचा मेसेज तिला गेला आणि माझ्या फोनवर आलं, "अहो, खलघाटला काय करताय?"

हायवेबद्दल बायकोचं बरोबर आहे

मुंजीहून परत आल्यावर आमचं भांडण झालं आणि मी हरलो, म्हणून मत बदलून लिहितो. या गाडीत एअरबॅग नाही, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारं एबीएस नाही. नव्या गाड्यांना हे दोन्ही २०१९ मध्ये सक्तीचं झालं, त्याच्या कितीतरी आधीची ही. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात भरलेला ट्रेलर मागून चिकटला होता तेव्हा आरशात फक्त त्याचा बंपर दिसत होता, आणि माझ्या मागच्या सीटच्या पलीकडे पत्रा आणि काच, बस. कंपनीचं या बाबतीतलं नावही अनेक वर्षं काही फार चांगलं नव्हतं, २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने ऑल्टो ८०० आणि स्विफ्ट आपटून बघितल्या तेव्हा दोन्हींना पाचपैकी शून्य तारे मिळाले होते. पाच तारे मिळायला नोव्हेंबर २०२४ ची नवी डिझायर यावी लागली. म्हणजे पहिली किल्ली दिल्यापासून जवळपास ४१ वर्षं. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "लोकांनी मागितलं असतं तर दिलं असतं, लोक विचारायचे फक्त किती देते." यावर माझ्याकडे उत्तर नाही कारण मीही तेच विचारलं होतं.

तर आता हायवेला नाही. शहरात, राजवाड्याच्या गर्दीत, सराफ्याच्या बाजूला जिथे स्कूटर लावायला जागा नसते तिथे ही घुसते. आणि ज्यांना एसी लावून चार माणसं बसवून घाट चढायचाय त्यांनी ७९६ सीसीकडे अशी मागणी करू नये, एसी बंद करावा आणि काच खाली घ्यावी. हँडलने.

किती देते

टाकी फुल्ल टू फुल्ल मोजलं, शहरात लिटरला १७ किलोमीटरच्या आसपास. या उन्हाळ्यात १६ च्या जरा वर. पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्के झाल्यावर कमी झालं असं सगळे म्हणतात, इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते हे खरंच आहे, पण मे महिन्यात मी एसीही लावून फिरत होतो तेव्हा सगळं पाप त्याच्या माथी मारत नाही. जुन्या गाडीचे रबरी पाइप मात्र उस्तादकडून बघून घ्या, जुनी रबरं या पेट्रोलला लवकर कंटाळतात.

पेट्रोल सोडून अकरा महिन्यांचा खर्च: बॅटरी ३,२००, ऑइल आणि फिल्टर १,४५०, केबल मजुरीसकट ४३०, वायपर २२०, हँडल ६०. एकूण ५,३६०. म्हणजे मोठ्या गाडीच्या एका काचेच्या ९,४०० मधून हे सगळं वजा केलं तरी ४,०४० उरतात. मार्च २०२६ मध्ये हिला १५ वर्षं होतील, नोंदणी वाढवायची फी २०२२ पासून ६०० ची ५,००० झालीय, जवळपास अकरा महिन्यांचा खर्च एका फटक्यात. तरी भरणार.

२०२४ च्या डिसेंबरात सुझुकी कंपनीचे अनेक वर्षं प्रमुख असलेले ओसामू सुझुकी गेले, ९४ वर्षांचे होते, त्या दिवशी काकांचा फोन आला. मी म्हणालो काका तुमची ओळख होती का त्यांच्याशी. ते म्हणाले नाही, पण त्या माणसाने १९८२ मध्ये इथे पैसे लावले तेव्हा मीसुद्धा लावले नसते. मग विचारलं, गाडी धुतलीस का. नंतर जानेवारीत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केलं तेव्हा परत फोन, परत तोच प्रश्न.

मोठ्या गाडीची काच सध्या चालते. गेल्या आठवड्यात मागची उजवीकडची घर्र करायला लागली आहे, मी ऐकलं नाही असं दाखवतोय.

आणि शेवटचं. परवा कॉलनीतला एक मुलगा, ड्रायव्हिंग शिकतोय, त्याने ८०० ला ६० हजार देतो म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो. हे बायकोने माहेरी सांगितलं आणि रविवारी पोह्यांवर जिरावण (आमचा इंदुरी मसाला) भुरभुरता भुरभुरता काका म्हणाले, "जावईबापू, ते तीन हजार राहिलेत बरं का."