लेव्हल 3 वर आठ महिने: रूनस्केपमध्ये तलवार न उचलता

गेल्या दिवाळीत भाचा आला होता पुण्याहून, त्याने माझ्या फोनवर ओल्ड स्कूल रूनस्केप टाकून दिलं, दोन दिवस शिकवलं आणि भाऊबीज उरकून निघून गेला. गेम राहिला माझ्याकडे. आज आठ महिने झाले, जवळपास रोज खेळतोय, आणि सुरुवातीच्या ट्यूटोरियल बेटावर जे उंदीर मारायलाच लावतात ते सोडले तर माझ्या कॅरेक्टरने आजवर कोणावर हात उचललेला नाही. मासे मोजत नाही मी यात, मासे चालतात.

याला त्या गेममध्ये स्किलर म्हणतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ रूनस्केप 2001 चा, पण हा जो ओल्ड स्कूल आहे तो 2007 च्या एका जुन्या बॅकअपवरून 2013 मध्ये परत सुरू केला, 2018 पासून फोनवरही आहे, आणि फोन-कॉम्प्युटर दोन्हीकडे एकच अकाउंट चालतं. ग्राफिक्स बघून हसू येईल, चौकोनी माणसं, चौकोनी झाडं. पण आत काम करायला भरपूर आहे: मासेमारी, लाकूडतोड, खाणकाम, स्वयंपाक, शेती, औषधं बनवणं, अगदी पाकीटमारीसुद्धा. लढाईला हात न लावता वाढवता येतील अशी पंधरा स्किल्स मी मोजली, नवीन आलेलं होड्यांचं सोडून. लढाईची स्किल्स वाढवलीच नाहीत तर तुमची कॉम्बॅट लेव्हल 3 वरच राहते, त्याहून खाली जाताच येत नाही, आणि जीव फक्त 10. म्हणजे डोक्यावर कायम पाटी, हा माणूस कालच जन्माला आलाय.

हे मी काही तत्त्व वगैरे म्हणून केलं नाही हो. पहिलं अकाउंट साधंच होतं. व्हॅरॉक नावाच्या शहराच्या दक्षिणेला काळे जादूगार उभे असतात, मी आपला शहर बघायला निघालो तर त्यांनी मला सलग तीनदा मारलं, तिसऱ्यांदा तर जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये, समोर डबा उघडा आणि मी मेलेला. नाशिकला अंबडच्या कंपनीत दिवसभर मशीनवर उभं राहून घरी आल्यावर परत कोणाशी तरी भांडायचं, ते माझ्याच्याने होईना. मग कळलं की लोक मुद्दाम न लढता खेळतात, आणि काही तर वर्षानुवर्षं. दुसरं अकाउंट काढलं.

एक गोष्ट आधीच सांगतो, गेम तुम्हाला हे करायला अजिबात मदत करत नाही. स्किलर असं काही बटन नाही. नियम तुम्हीच करायचा, तुम्हीच पाळायचा, आणि मोडला तर कोणी विचारणार नाही. उपासासारखंच आहे सगळं. आणि उपासाला काय चालतं यावर जेवढे वाद आपल्याकडे तेवढेच तिथे. उदाहरणार्थ टेम्पोरॉस म्हणून समुद्रातला एक बॉस आहे, मासेमारी 35 झाली की जाता येतं. तिथे मासे धरायचे, शिजवायचे, तोफेत भरायचे आणि त्या वादळावर सोडायचे, शेवटी त्याचा जोर संपला की त्याच्या अंगालाच हारपून, म्हणजे मासे मारायचा भाला, लावायचा. आता ही मारामारी नाही तर काय? पण लढाईचा एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, शून्य, मिळतो तो मासेमारीचा आणि स्वयंपाकाचा. म्हणजे साबुदाण्याची खिचडी. मी खातो. पाकीट मारताना पकडलं गेलं की चापट बसते, तेही चालतं, कारण मार मी खातो, देत नाही.

पहिल्या दिवशीच एक सेटिंग बंद करा, ऑटो रिटॅलिएट. ते आपोआप चालूच असतं, म्हणजे कोणी मारलं की तुमचं कॅरेक्टर न विचारता उलट मारायला लागतं आणि तुमचा उपास मोडतो.

आता जो प्रसंग आठवला की अजून हाताला घाम येतो तो सांगतो. औषधं बनवण्याचं स्किल, हर्बलोर, हे आधी एक क्वेस्ट, म्हणजे गोष्टीतली कामगिरी, केल्याशिवाय उघडत नाही. ड्रुइडिक रिच्युअल. चार प्रकारचं कच्चं मांस लागतं, उंदीर, अस्वल, गाय, कोंबडी. साधा खेळाडू जाऊन मारून आणतो, मी बाजारातून विकत आणलं, अस्वलाचं मटण विकत घेणारा मी आमच्या घराण्यातला पहिलाच. ते मांस टॅव्हर्लीच्या तळघरातल्या एका कढईत बुडवायचं. कढईच्या खोलीला फाटक आहे आणि फाटकाशेजारी दोन चिलखतं उभी आहेत, आपण फाटकाला हात लावला की ती जिवंत होतात. लेव्हल 19 ची. माझा जीव 10. मी इंदिरानगरच्या घरी गॅलरीत बसलेलो, रात्रीचे साडेअकरा, फाटकावर टॅप केलं, चिलखतं उठली, पहिला फटका तीन, परत टॅप, दुसरा दोन, फाटक उघडून आत गेलो तोपर्यंत जीव 5 उरला होता. चारी मांसं बुडवायला काही सेकंद लागतात पण त्यात मी दोन माशांचे तुकडे खाल्ले आणि एकदा चुकून मांसाऐवजी मासाच कढईवर टॅप केला. परत येताना व्हॅरॉकची टेलिपोर्ट टॅब्लेट, म्हणजे फोडली की क्षणात तिकडे नेणारी जादूची पाटी, फोडली आणि सटकलो. बायको आतून म्हणाली, काय झालं, कोणाचा फोन होता का. एवढा मोठा श्वास सोडला होता मी.

सांगायचं हे की लढत नाही म्हणजे आरामात आहे असं नाही. उलट लेव्हल 3 च्या माणसावर जे जे धावून जाणारं आहे ते सगळं धावून जातं. इथे एक नियम आहे, तुमची लेव्हल समोरच्याच्या दुपटीच्या वर गेली की तो तुमच्या नादी लागत नाही. माझ्या बाबतीत तो दिवस कधीच येणार नाही. त्यामुळे कुठल्या गल्लीत कोण उभं असतं, कोणत्या वाटेने वळसा घ्यायचा, कुठे दहा मिनिटं टिकलं की मग ते कंटाळून सोडून देतात, हे सगळं पाठ होतं. भाच्याचं कॅरेक्टर माझ्या तिप्पट-चौपट वेळ खेळलेलं आहे पण त्याला रस्ते माहीत नाहीत, तो सरळ जातो आणि मधे येईल त्याला मारतो. मला नकाशा माहीत आहे, आपल्याला कसं द्वारका सर्कल टाळून जायचे सगळे बोळ माहीत असतात तसं.

जादू वाढवली तरी कॉम्बॅट वाढते, त्यामुळे टेलिपोर्टचे मंत्रही नाहीत, टॅब्लेट विकत घ्यायच्या नाहीतर चालायचं. हे आधी मला मोठं खटकलं होतं. नंतर सवय झाली.

शेतीबद्दल लिहितो, कारण खरं तर मी त्यासाठीच टिकलो. आमची दिंडोरीला द्राक्षाची थोडी बाग आहे, आण्णा बघतात, मी रविवारी जातो. या गेममध्ये पीक खऱ्या वेळेत वाढतं, गेम बंद केला तरी. औषधी पाल्याला 80 मिनिटं, आणि कांद्याला 40. कांदा शेती लेव्हल 5 लाच लावता येतो. चाळीस मिनिटांत कांदा, लासलगावला सांगितलं तर ट्रॅक्टरवरून खाली पडतील लोक. भाव मात्र तिथेही मिळत नाही, ती एक गोष्ट अगदी खरीखुरी ठेवली आहे. शेजारी गडी उभा असतो, त्याला बटाट्याचं एक पोतं दिलं की तो कांद्यावर लक्ष ठेवतो आणि रोग पडत नाही. किंवा मधल्या वाफ्यात झेंडू लावायचा, झेंडू असला की कांदा, बटाटा, टोमॅटो यांना रोग लागत नाही. हे बघून मी फोन आण्णांना दाखवला, कारण टोमॅटोत झेंडू आपल्याकडेही लावतातच, अळी झेंडूवर जाते म्हणून. आण्णांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, मग फवारणी कुठंय?

द्राक्षंही आहेत. होसिडियस म्हणून भाग आहे तिथे, लेव्हल 36 ला. वेल लावायच्या आधी जमिनीत सॉल्टपीटर घालावं लागतं, आणि सॉल्टपीटर म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपलं 13-0-45 खतच की. ज्याने कोणी हे गेममध्ये घातलं त्याला बागेतलं थोडंफार कळत असणार. वाईन मात्र थापा आहे. द्राक्ष घ्यायचं, पाण्याचा जग घ्यायचा, एकावर एक टॅप, बारा सेकंदांत वाईन तयार आणि स्वयंपाकाचा 200 एक्सपी. मी स्वयंपाक 35 पासून 68 पर्यंत याच्यावरच नेला, चौदा द्राक्षं चौदा जग, परत चौदा चौदा. 68 च्या आधी मधेमधे खराब होते, नंतर एकही नाही. ऑक्टोबरची छाटणी, मग डावणी रोगाची भीती, अवकाळी, जानेवारीत थंडीने मणी तडकतात का ही काळजी, असं सगळं बघितलेल्या घरातला माणूस मी, बारा सेकंदांच्या वाईनवर दोन आठवडे बसून होतो.

आता तक्रारी. एक म्हणजे कंटाळा, आणि तो खोटं बोलून लपवण्यात अर्थ नाही. लेव्हल 99 ला 1 कोटी 30 लाख एक्सपी लागतो आणि त्याच्या निम्मा कुठे होतो तर 92 ला. पन्नासला किंवा साठला वाटतं की आपण अर्ध्यात आलो, आपण पायरीशीच असतो. माझी मासेमारी 76, स्वयंपाक 81, शेती 68, आणि अजिलिटी रडतखडत 52, छपरांवरून उड्या मारत फिरायचं त्यात, प्रत्येक फेरीत तेच सहा-सात टॅप. त्या उड्यांमध्ये मधूनच खुणा मिळतात, 260 जमवल्या की हलके कपडे मिळतात, त्याने पळायची ताकद जास्त टिकते. आठ महिन्यांत माझ्या 140 झाल्यात. दुसरं, कथेचा मोठा भाग बंदच राहतो. चांगल्या म्हणतात त्या बहुतेक क्वेस्टमध्ये शेवटी कोणाला तरी मारायचंच असतं, आणि काहींमध्ये बक्षीस म्हणून लढाईचा एक्सपी न विचारता गळ्यात मारतात, म्हणून प्रत्येक क्वेस्टच्या आधी बक्षीस काय आहे ते वाचूनच जायचं. ज्यांना गोष्ट हवी आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये, सरळ तलवार घ्यावी.

तिसरं, फुकटात हे फार पुढे जात नाही. शेती, औषधं, अजिलिटी सगळं मेंबरशिपमध्ये. बॉन्ड म्हणून वस्तू गेममधल्याच पैशात घेता येते, एका बॉन्डला 14 दिवस, पण स्किलरच्या कमाईत दर 14 दिवसांनी तो काढणं म्हणजे परत नोकरीच. मी दोन महिने करून बघितलं, नंतर पैसे भरले.

फोनवर कसा चालतो हे विचाराल तर या प्रकाराला फोनच बरा. लढणाऱ्यांना नेटचा उशीर झाला की जीव जातो, मला फार तर मासा उशिरा मिळतो. शनिवारी आमच्याकडे लाईट जाते, वायफाय बंद, मोबाईल डेटावर जर्मनीच्या सर्व्हरवर झाडं तोडत बसलोय मी, काही फरक पडला नाही. बॅटरी खातो मात्र. आणि बोट मोठं असेल तर बॅगेतल्या 28 खणांमध्ये चुकीच्या ठिकाणी टॅप होतंच.

त्यावरून आठवलं, डाग. मे महिन्याच्या सुट्टीत भाचा परत आला, मी आंघोळीला गेलो तेवढ्यात त्याने माझा फोन घेतला. कोणीतरी मारलेल्या कोंबडीचं हाड रस्त्यात पडलेलं होतं, त्याने उचललं आणि टॅप केलं. हाडावर नुसतं टॅप केलं की ते पुरलं जातं. हाड पुरलं की प्रेयरचा, म्हणजे प्रार्थनेच्या स्किलचा, एक्सपी मिळतो, आणि प्रेयर लढाईत मोजतात. साडेचार एक्सपी. लेव्हल 3 ची 3 च राहिली, साडेचारने काही होत नाही, पण सहा महिने जो आकडा कोरा होता तिथे आता कायमचं 4.5 आहे. मी ओरडलो तर म्हणतो, मामा, अरे साडेचारच आहे ना. त्याला काय कळणार. संकष्टीला चंद्र उगवायला पाच मिनिटं असताना कोणी तोंडात भजी कोंबली तर कसं वाटेल.

पण त्याच भाच्याचा परवा फोन. तो आता नव्वदच्या पुढच्या लेव्हलला आहे, मित्रांबरोबर बॉस मारायला जातो, आणि तिथे प्रेयर पोशनशिवाय, म्हणजे प्रार्थनेची ताकद परत भरणाऱ्या औषधाशिवाय, उभं राहता येत नाही. पोशन रनार नावाच्या पाल्याची होते, त्यात स्नेप ग्रास घालायचं. रनार मी लावतो, शेती 61 झाल्यापासून स्नेप ग्रासही माझंच. माझ्या पेटीत शंभराच्या वर बाटल्या पडून होत्या.

"मामा, पन्नास देशील का? घरचाच आहेस."

बाजारात विकल्या असत्या तर माझे दोन टक्के करात गेले असते, हातोहात देण्यात ते वाचतात. तेवढी सूट दिली.