जोंगाच्या एक्झॉस्टला बसाल्टची पट्टी: एक उन्हाळा, एक पावसाळा

माझी जोंगा, म्हणजे लष्कराची जुनी जीपसारखी गाडी, लष्कराच्या लिलावातून दोन हात फिरून माझ्याकडे आली. निस्सान पी 60 च्या आराखड्यावर जबलपूरच्या कारखान्यात 1969 पासून बनू लागल्या, त्यातलीच. 3956 सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन अजून तेच आहे. भुसावळच्या मे महिन्यात तिच्यात बसायचं म्हणजे भट्टीवर पाट मांडायचा.

पायाखालून जाणाऱ्या एक्झॉस्टच्या, म्हणजे धुराच्या, पाइपावर कुणीतरी जुन्या काळी दोरी गुंडाळली होती. वर चिखल आणि ऑइल, खाली पांढुरके तुसे. बघताच हात मागे घेतला. माझी निम्मी हयात बॉयलर लॅगिंगच्या, म्हणजे बॉयलरवर उष्णता अडवणारं वेष्टन चढवायच्या, कंत्राटी कामात गेली. अशी ॲस्बेस्टॉसची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या पण फुफ्फुसं खाणाऱ्या खनिज तंतूंची, दोरी आम्ही उघड्या हातांनी कापायचो, आणि केसांत पांढरा भुगा घेऊन घरी जेवायला बसायचो. 1995 साली सुप्रीम कोर्टाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या तब्येतीची नोंद किमान 40 वर्षं ठेवायला सांगितली. आमच्या कंत्राटदाराकडे आमची हजेरीसुद्धा धड नव्हती. असो.

दोरी ॲस्बेस्टॉसची की काचेची, हे डोळ्यांनी ठरत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो. मी वाईटच धरून चाललो. मेस्तरी ती हवेने उडवायला कॉम्प्रेसरची नळी घेऊन तयार होता. “काही होत नही नाना, इतला साल वापरी राहिनूत.” ह्या धुळीचे आजार 20 ते 40 वर्षांनी वर येतात, आणि पोरगा जेमतेम पस्तिशीचा. त्याला चहाला पिटाळला.

केळीवर फवारायचा पाठीवरचा पंप स्वच्छ धुतला, पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकले आणि दोरी आतपर्यंत भिजवली. तोंडाला पी 100, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या, फिल्टरचा रबरी मास्क. फडक्याचा इथे उपयोग नाही. तारेचा ब्रश लावला नाही. ओले तुकडे कापून काढले, दोन दिवस लागले.

आता मालाबद्दल. बसाल्ट तंतूची 2 इंची पट्टी, 15 मीटरचा रोल, सोबत स्टेनलेसचे दहा टाय, 1,650 रुपये. बसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाणच, अजिंठ्याची लेणी कोरली तो. तो वितळवून धागे काढतात. दुकानदार 1260 अंशांचं सिरॅमिक ब्लँकेट घ्या म्हणत होता. त्याचाही धुरळा कर्करोगाच्या संशयातला आहे. एक भूत काढून दुसरं कशाला आणू?

विण घट्ट आहे, कापल्यावर टोक फारसं उसवत नाही. बादलीत भिजवून ओलीच गुंडाळायची, प्रत्येक फेरा मागच्यावर पाव इंच चढवायचा. हातमोजे विसरलो तर मनगटाला दोन दिवस खाज. पहिल्यांदा इंजिन तापलं तेव्हा अर्धा तास असा धूर निघाला की बायको पाण्याची बादली घेऊन बाहेर आली. घाबरू नका, नंतर थांबतो.

भुसावळहून जळगावला पोचल्यावर पायाखालचा पत्रा आधी 71 अंश दाखवायचा, आता 54. चकचकीत पत्र्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर खोटं बोलतो, म्हणून दोन्ही वेळा एकाच जागी काळी टेप चिकटवून मोजलं. चप्पल घालून गाडी चालवता येते, मला एवढं पुरे.

तक्रार एकच, पण मोठी. खोक्यावर 1100 अंश छापलंय. बसाल्ट सतत 650च्या आसपासच टिकतो, पुढे धागा ठिसूळ होतो. आम्ही लॅगिंगवाले असा आकडा ऐकला की हसतो, पण नवखा त्या भरवशावर मॅनिफोल्डच, म्हणजे इंजिनाला लागून धूर गोळा करणारा भागच, गुंडाळून बसेल. ओतीव लोखंडाचं मॅनिफोल्ड गुंडाळू नका, उष्णता आत कोंडून तडकतं. तिथे मी बोटभर अंतर सोडून पत्र्याची ढाल बसवली.

पावसाळ्यात पट्टी पाणी धरून ठेवते. श्रावणात आठ दिवस गाडी उभी राहिली, तर एका टोकाखाली पाइपावर गंज आला. गाडी रोज फिरत नसेल तर अधूनमधून सुरू करून पाइप तापवा. पाचपैकी साडेतीन. अर्धा गंजाचा कापला, एक त्या 1100चा.

काढलेली दोरी ओली असतानाच दोन जाड पिशव्यांत बांधून ड्रममध्ये बंद केली आहे. ती धोकादायक कचऱ्याची अधिकृत गाडी नेईपर्यंत ड्रम गोठ्यामागे पडून. भंगारवाला दोनदा विचारून गेला, ड्रम द्यायचाय का.