लाल कौल की राखाडी? गोगुर्यो आणि बेकजे

गोगुर्यो आणि बेकजे ही प्राचीन कोरियातली दोन राज्यं. प्योंगयांगला राजधानी असतानाची (इ.स. 427 नंतरची) गोगुर्योची कौलं बहुतेक लालसर. बेकजेची, म्हणजे आजच्या दक्षिण कोरियातल्या बुयो शहराजवळची, राखाडी. पण रंगाचं श्रेय सगळं मातीला देऊ नका. लोह दोन्ही मातींत असतं, फरक पडतो तो भट्टीतल्या हवेने. शेवटपर्यंत हवा खेळती राहिली की लोह गंजासारखं लाल होतं. शेवटी सरपण भरून भट्टीचं तोंड आणि धुराडं लिंपलं की धूर कोंडतो, लाली जाते, काजळी मातीच्या छिद्रांत मुरते. आपल्याकडची काळी मडकी याच युक्तीने होतात.

राखाडीत जोखीम जास्त. निवताना लिंपण तडकलं, हवा शिरली, की कौलावर तांबूस डाग उठतात.

वळचणीच्या टोकाची कमळाची चकती साच्यात दाबून घेत आणि मागे नळीचं कौल जोडत. सांधा ओरखडून पातळ चिखल लावायचा. एक भाग ओला, दुसरा सुकत आलेला असेल तर दोन्ही सारखे आकसत नाहीत आणि तिथेच भेग जाते.

गोगुर्योच्या पाकळ्या टोकदार, फुगीर, कडा ठसठशीत. बेकजेच्या रुंद, मऊ, टोकाशी हलकेच वर वळलेल्या. तिरप्या उन्हात त्या टोकाखाली बारीक सावली पडते, आणि राखाडीवर ती जास्त खुलते. माझं मत बेकजेला. 588 मध्ये जपानला गेलेले कौलकारागीरही बेकजेचेच; आसुका-देरा मंदिराच्या कौलांवर हीच पाकळी दिसते.