५० मीटरवर नीट, १०० मीटरवर विखुरलेलं: खर्च काडतुसांवर करावा, स्कोपवर की बॅरलवर?

.२२ लाँग रायफलचा ग्रुप (एकाच जागी नेम धरून झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) ५० मीटरवर १५ मिमीत बसतो आणि १०० मीटरवर ६०-७० मिमीपर्यंत फाकतो, तेव्हा बहुतेकांचा पहिला संशय बॅरलवर जातो, दुसरा स्कोपवर. दोन्ही महाग, आणि अशा वेळी दोन्ही बहुधा निर्दोष. बॅरल, बेडिंग (रायफलचा यंत्रभाग स्टॉकमध्ये, म्हणजे दस्त्यात, बसण्याची पद्धत) किंवा ढिले स्क्रू यांचा दोष कोनात मोजला जातो: अंतर दुप्पट झालं की चूकही दुप्पटच होते. म्हणजे १५ चे ३० व्हायला हवेत. त्यावरचे ३०-४० मिमी आले कुठून, हे कळल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

त्यासाठी मोजणी नीट हवी. एकाच दिवशी, एकाच लॉटची (कारखान्यातल्या एकाच खेपेची) काडतुसं, तोच रेस्ट (रायफल टेकवायचा आधार). दोन्ही अंतरांवर आलटूनपालटून १० गोळ्यांचे किमान तीन-तीन ग्रुप. पाच गोळ्यांचा ग्रुप नशिबाने सुंदर येतो आणि नशिबानेच बिघडतो, त्यावर निर्णय घेऊ नये. ग्रुपची उंची आणि रुंदी वेगवेगळी लिहून ठेवा. पुढचं सगळं त्या दोन आकड्यांवर ठरतं.

खालचे आकडे सुमारे ३२५ मी/से वेगाच्या ४० ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक) गोळीसाठी, ढोबळमानाने:

| कारण | ५० मी | १०० मी | ग्रुप कसा फाकतो |
|---|---|---|---|
| वेगात १० मी/से फरक | ७ मिमी | २५-३० मिमी | उभा |
| १ मी/से आडवा वारा | ६-७ मिमी | २५ मिमी | आडवा |
| रायफल बाजूला २ अंश कलणे | ४ मिमी | १८ मिमी | मुख्यतः आडवा |
| अर्ध्या मिनिटाचा (कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग) यांत्रिक दोष | ७ मिमी | १५ मिमी | कसाही |

पहिल्या तीन ओळी साधारण चौपट वाढतात, शेवटची दुप्पट. दुप्पट वाढ दिसली तर रायफल तपासा, चौपटीकडे झुकली तर काडतुसं, वारा आणि रायफल धरण्याची पद्धत.

काडतुसं की स्कोप

उभ्या फाकलेल्या ग्रुपला काडतुसंच आधी. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं उपकरण) २० गोळ्यांचा वेग घ्या आणि प्रत्येक आकड्यासमोर भोक कुठे पडलं ते टिपा. हळू गोळ्या खाली आणि जलद वर पडत असतील तर प्रश्न मिटला. सर्वांत जलद आणि सर्वांत हळू गोळीत २० मी/से फरक असेल, तर १०० मीटरवर ५० मिमी उंची नुसत्या वेगाने खाल्ली. कुठलीही महाग बॅरल ती सहसा भरून काढत नाही. चांगल्या मॅच लॉटमध्ये हाच फरक १० मी/सेच्या आसपास राहतो.

घेताना ब्रँडपेक्षा लॉट महत्त्वाचा. एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये एकाच बॅरलमधून ठळक फरक पडतो, आणि मित्राच्या रायफलमध्ये चाललेला लॉट तुमच्यात चालेलच असं नाही. चार-पाच लॉटची एकेक पेटी आणा, १०० मीटरवरच तपासा (५० मीटरवर सगळेच शहाणे दिसतात), आणि जो जमेल तोच मोठ्या संख्येने घ्या. ब्रँड बदलल्यावर पहिल्या २०-२५ गोळ्या हिशेबात धरू नका. आधीच्या काडतुसांचं वंगण बॅरलमधून जाऊन नवं बसायला तेवढा वेळ लागतो.

जास्त वेगाची काडतुसं घेऊन पल्ला सुधारतो, हा गैरसमज मात्र टिकून आहे. ३८० मी/सेने निघालेली गोळी वाटेतच ध्वनीच्या वेगाखाली येते आणि तोवर वेग फार गमावते. वारा गोळीला किती ढकलतो हे गमावलेल्या वेगावर ठरतं, म्हणून ती लवकर पोचूनही सबसॉनिक (ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या) गोळीपेक्षा जास्त वाहते.

स्कोपकडे वळायचं ते दोन चाचण्यांनंतर. पहिली पॅरॅलॅक्सची, म्हणजे डोळा हलल्याने नेम सरकल्यासारखा दिसण्याची: रिकामी रायफल रेस्टवर ठेवा, हात न लावता डोकं थोडं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर लक्ष्यावर सरकत असेल तर पॅरॅलॅक्स त्या अंतराला जुळलेला नाही. .२२ सारख्या रिमफायर रायफलींचे स्कोप बरेचदा ५० यार्ड किंवा मीटरच्या आसपास कायमचे जुळवलेले असतात. ४० मिमी ऑब्जेक्टिव्हच्या अशा स्कोपमध्ये डोळा अगदी कडेला गेला तर १०० मीटरवर चूक २० मिमीपर्यंत जाते. डोळा मधोमध असेल तर शून्य. म्हणून आधी चीकपीसची (स्टॉकवर गाल टेकवायच्या भागाची) उंची लावून गाल प्रत्येक वेळी एकाच जागी बसतोय का पाहा. तरीही भागलं नाही तरच पॅरॅलॅक्स जुळवता येणारा स्कोप घ्या.

दुसरी चाचणी क्लिकची, म्हणजे स्कोपचा नॉब फिरवताना पडणाऱ्या टप्प्यांची. पाव मिनिटाच्या क्लिकने २० क्लिक वर जा: १०० मीटरवर ग्रुप सुमारे १४५ मिमी सरकायला हवा. २० क्लिक खाली आल्यावर तो मूळ जागी परतला नाही, तर स्कोप खरंच गेला. एकाच टार्गेटवर दोन वेगळे पुंजके दिसले तर स्कोपआधी रिंगचे स्क्रू बघा. उत्पादकाचा आकडा नसेल तर २ न्यूटन-मीटरच्या आसपास, टॉर्क पान्यानेच.

वारा आणि कल

ग्रुप आडवा फाकतोय आणि तुम्ही उघड्या रेंजवर आहात, तर दोन-तीन विंड फ्लॅग आणि एक बबल लेव्हल यापेक्षा स्वस्त इलाज नाही. एकच फ्लॅग असेल तर तो आपल्या जवळ लावा. सुरुवातीला वळलेली गोळी पुढच्या सगळ्या अंतरात बाजूला जात राहते. पहाटेच्या निवांत हवेत तोच ग्रुप गोल झाला तर रायफल निर्दोष सुटली. कल स्थिर असेल तर हरकत नाही, झीरो (स्कोप ठरलेल्या अंतराला जुळवणं) त्याच्यासकट होतो. गोळीगणिक बदलला तर त्रास.

बेडिंग, साफसफाई, बॅरल

हे दोष ५० मीटरवरही दिसतात, त्यामुळे तिथे ग्रुप खरोखर चांगला असेल तर इथे वेळ घालवू नका. तिथेही खराब असेल तर फुकटचं आधी. बोल्ट काढून, चेंबर रिकामं असल्याची खात्री करून, बोअर गाइड (साफसफाईची सळई सरळ ठेवणारी नळी) लावून मागच्या बाजूने साफ करा. चेंबरच्या लगेच पुढे कार्बनचं कडक कडं साचतं. नुसतं फडकं फिरवून ते निघत नाही, विरघळवणारं द्रव लावून काही वेळ थांबावं लागतं. मग बॅरल आणि स्टॉकच्या सांध्यावर बोट ठेवून ॲक्शनचा (बोल्ट बसतो त्या यंत्रभागाचा) पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. बॅरल बोटाखाली उसळली तर बेडिंगमध्ये ताण आहे.

क्राऊनवर (बॅरलच्या तोंडाच्या कडेवर) ओरखडा दिसला तर तो नव्याने कापून घेणं हे बॅरल बदलण्यापेक्षा फार कमी खर्चाचं काम. कागदावरची भोकं लांबट पडत असतील तर गोळीचं वजन बघा: १६ इंचात एक वळण असलेली नेहमीची .२२ बॅरल ४० ग्रेनला पुरते, ६० ग्रेनच्या सबसॉनिक गोळीला बहुतेकदा नाही. नवी बॅरल तेव्हाच, जेव्हा साफसफाई, क्राऊन आणि बेडिंग झाल्यावरही चार-पाच चांगले लॉट ५० मीटरवरच फेल जातात.

सेंटरफायर (.२२ पेक्षा जास्त ताकदीच्या काडतुसांची रायफल) घेऊन ३०० मीटरवर जाणाऱ्यांसाठी एक भर: तिथे बॅरल तापते. गोळ्या एकामागोमाग एकाच दिशेने चढत गेल्या तर बॅरल आणि स्टॉकच्या मध्ये कागदाची पट्टी सरकवून बघा, एकदा थंड असताना आणि एकदा दहा गोळ्यांनंतर, रायफल रिकामी करून. गरम झाल्यावर अडकली तर स्टॉकची तेवढी जागा तासून मोकळी करा.