मुंबईची लाँच: तिकिटाआधी तिथी पाहा

विदर्भ एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरून मंत्रालयाचं नाहीतर टाटा दवाखान्याचं काम उरकलं, की आपल्याकडचे बहुतेक लोक गेटवेवर जातातच. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेलेही जातात. डोंग्यानं वैनगंगा ओलांडलेल्या माणसाला लाँचचं, म्हणजे इंजिनाच्या फेरीबोटीचं, काय विशेष? पण नदी एकाच बाजूला वाहते, खाडीचं पाणी मात्र दिवसातून दोनदा चढते नि दोनदा उतरते. इथल्या फेरीबोटीची निम्मी गैरसोय त्यातच आहे.

भरती कधी, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवरून काढता येते. तिथीची पाऊणपट करा. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारला भरती. ओहोटी त्याच्या सहाएक तास आधी किंवा नंतर. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि संध्याकाळी पाणी फार खाली जाते. भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोऱ्याला जाणारी लाँच नेमकी अशा वेळी अडते. मोरा बंदरात गाळ साचलेला, ओहोटीत लाँच धक्क्याला लागतच नाही. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या उरणच्या माणसाला मग पाणी चढेस्तोवर थांबा, नाहीतर रस्त्यानं वळसा घ्या. ही सेवा फिरायला म्हणून निवडू नका.

गेटवे ते घारापुरी, म्हणजे एलिफंटा लेण्यांचं बेट, हा प्रवास साधारण तासाभराचा. लाकडी लाँच, डिझेल इंजिन. मागच्या बाकावर धूर आणि थरथर जास्त. मळमळत असेल तर मधात बसा. वरच्या मजल्याचे थोडे पैसे बोटीतच वेगळे घेतात, सकाळी ते वसूल होतात. दुपारनंतर खारा वारा सुटतो, अंगावर पाणी उडते, म्हणून जायची बोट सकाळचीच बरी. सोमवारी लेणी बंद.

खरी कसरत चढण्याची आहे. लाँची एकीला एक लावून उभ्या असतात. कधी दोन ओलांडून तिसरीत जावं लागते. मधात टायर टांगलेले. लाटेसोबत लाँच वर येते, क्षणभर पायरीच्या बरोबरीला थांबते, तेव्हाच पाय टाकायचा. खाली जात असताना नाही. हातात पिशवी नको, ती आधी आत द्या. लाँचचा काठ बाहेरून हातानं धरायचा नाही, दोन लाँचींच्या मधात बोटं चेंगरतात. ओहोटीत खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात, तिथं चपलेपेक्षा पट्ट्याची सँडल बरी. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि पट्टे आवळा. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळून माणसं गेली आहेत.

घारापुरीचा धक्का लांबलचक, तिथं छोटी गाडी आहे, पण म्हाताऱ्यांसाठीच घ्यावी. पुढे शंभराच्या वर पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. माकडं बाटली हिसकतात. हे बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येते; शेतबंदर, मोराबंदर (उरणचं मोरा वेगळं) आणि राजबंदर अशी तीन गावं. समुद्राखालून केबल टाकून इथं वीज आली ती २०१८ मध्ये. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर. मुंबईचे दिवे रोज समोर दिसत होते, हे विशेष! लाँच बंद पडली की गावकऱ्यांचं सगळंच अडते, म्हणून पर्यटकांच्या बोटीत त्यांची किराण्याची पोती दिसली तर कुरकूर करू नये.

अलिबागला जायचं तर गेटवे ते मांडवा. तिकिटातच पुढची बस धरून असते का, ते खिडकीवर विचारून घ्या. पावसाळ्यात ही सेवा बंद राहते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो आहे, तीत मोटारसायकल आणि कारही जाते. पावसातही हवा पाहून चालते. गाडी घेऊन आलेल्यांनी हीच घ्यावी, रस्त्यानं वळसा शंभरेक किलोमीटरचा पडतो. डॉकयार्ड रोड स्टेशनहून धक्का जवळ आहे, पण मालाच्या ट्रकांची वर्दळ असते, लेकरं सोबत असतील तर टॅक्सी करा.

परतीची शेवटची लाँच किती वाजता, हे उतरतानाच विचारा. घारापुरीवर पर्यटकाला मुक्काम करता येत नाही.